अकरावीची वही आणि ठिबकातला खार



परवा पाथरी तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो होतो. हळदीच्या ठिबकात पांढरा खार बसून अर्धे ड्रिपर बंद पडलेले. शेजाऱ्याने सांगितलेल्या मापाने आम्ल सोडूनही खार हलला नव्हता. तेवढ्यात घरची अकरावीतली मुलगी वही घेऊन आली. "काका, निव्वळ आयनिक समीकरण पाठ केलं, पण कळलं नाही." म्हटलं, पोरी, ते तुझ्या ठिबकातच आहे.

वहीत होते : हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा मिळून मीठ व पाणी. पाण्यात आम्लाचे हायड्रोजन व क्लोराइड आयन सुटे होतात, सोड्याचे सोडियम व हायड्रॉक्साइड. मीठसुद्धा पाण्यात सोडियम आणि क्लोराइडच. म्हणजे हे दोघे लग्नातले वऱ्हाडी. आले तसे गेले. त्यांना खोडा. उरते ते :

हायड्रोजन आयन + हायड्रॉक्साइड आयन → पाणी

ठिबकातला पांढरा खार बहुधा कॅल्शियम कार्बोनेट असतो. आपल्या काळ्या रानातली चुनखडी आम्लाच्या थेंबाने फसफसते, तीच ही. ती पाण्यात विरघळत नाही, म्हणून तिचे आयन सुटे न लिहिता ती अखंड लिहावी :

कॅल्शियम कार्बोनेट + २ हायड्रोजन आयन → कॅल्शियम आयन + पाणी + कार्बन डायऑक्साइड

पण पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेटही आम्ल खाते :

बायकार्बोनेट आयन + हायड्रोजन आयन → पाणी + कार्बन डायऑक्साइड

ते संपेपर्यंत सामू फारसा उतरत नाही. शेजाऱ्याचे पाणी कालव्याचे, यांचे बोअरचे. माप चुकणारच!

म्हणून प्लास्टिकच्या बादलीत आपलेच १० लिटर पाणी घ्या. आम्ल मोजून थोडेथोडे घाला, ढवळा, सामू-कागद बुडवा. सामू ४ वर येईपर्यंत लागले तेवढे आपले माप. कालव्याच्या पाण्याला ३ मिली लागले, बोअरला ६. हे पाणी नळ्यांत २४ तास ठेवून मग टोके उघडून धुवावे.

हातमोजे, चष्मा हवाच. आम्ल पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही नाही. उसळून डोळे जातात. ब्लिचिंग पावडरशी आम्ल मिसळू नका, विषारी क्लोरीन सुटतो.

पोरीने विचारले, "गंधकाम्ल वापरलं तर?" तिथे सल्फेट वऱ्हाडी राहीलच असे नाही, कॅल्शियमला धरून जिप्सम होऊन बसू शकते. त्याचे समीकरण तिने स्वतः मांडायचे ठरले आहे. पुढच्या खेपेला वही तपासतो.