बड्याचं गोश्त, साडेतीन तास

दोन वर्षांपूर्वी सातवीच्या मुलींना मी ‘माझा आवडता सण’ हा निबंध लिहायला दिला. शाळा उर्दू माध्यमाची, तास मराठीचा. बहुतेक वह्यांत दरवर्षीसारखाच मजकूर होता. नवे कपडे, ईदगाह, शेवया, ईदी. एका मुलीने मात्र बकरी ईदवर लिहिलं होतं: ‘अम्मी बड्याचे गोश्त शिजवते. ते खूप वेळ शिजते. मग ते बोटाने तुटते.’ वाक्यं चांगली होती, छोटी आणि नेमकी. मी ‘बड्याचे गोश्त’वर लाल पेनाने रेघ मारली आणि वर ‘मटण’ लिहिलं.

वही परत मिळाल्यावर ती टेबलाजवळ आली. “मॅडम, मटन तो बकरे का होता है ना?”

“मराठीत असंच लिहितात,” मी म्हणाले.

मराठीत असं लिहीत नाहीत. हे मला तेव्हाही माहीत होतं. ती वही पुढे तपासायला जाणार होती, ती कोणाच्या हातात पडेल कोण जाणे, म्हणून मी घाबरले होते एवढंच. वीस वर्षं मुलांना सांगत आले की जे पाहिलं, जे खाल्लं ते लिहा, आणि एक मुलगी तसं लिहिते तर तिचा शब्द मीच खोडला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी शब्दाचा अर्थ सांगते. आमच्याकडे चंद्रपुरात ‘छोट्याचं’ म्हणजे बकऱ्याचं आणि ‘बड्याचं’ म्हणजे मोठ्या जनावराचं. आज बडं म्हणजे म्हैस किंवा रेडा. राज्याच्या प्राणी संरक्षण कायद्याने, जो १९७६ चा आहे, गाईच्या कत्तलीला आधीपासून मनाई होती. त्याच्या १९९५ च्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी २०१५ मध्ये मिळाली आणि त्या मार्चपासून बैल आणि वळूही बंदीत आले. म्हैस आणि रेडा त्या बंदीत नाहीत. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बैलांवरची बंदी कायम ठेवली, पण परराज्यात कापलेल्या जनावराचं गोमांस नुसतं जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. माणूस घरात काय खातो यात सरकारने डोकावू नये, असा त्यामागचा विचार होता. म्हणजे त्या मुलीच्या अम्मीच्या हांडीत बेकायदा काही नव्हतं. बेकायदा असल्यासारखी वागले ती मी.

दोष फक्त बाहेरच्या भीतीचा असता तर मी हा लेख लिहिलाही नसता. बड्याचं नाव घ्यायला आम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून लाजतो आहोत, आणि तेही आपापसात. ‘हमारे यहां बड़े का नहीं पकता’ हे वाक्य मी लग्नं जुळवताना ऐकलं आहे, ते बोलणाऱ्या घरात आठवड्यातून दोनदा बडं येतं हे माहीत असताना! पाहुणे आले की बकरा, नाहीतर कोंबडी. बडं हे घरचं, गरिबाचं, मागच्या दाराचं. बकऱ्याच्या निम्म्याहून कमी भावात मिळतं, हाच त्याचा गुन्हा. शाळेत आम्ही मुलींना दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतो, ती गिळली की नाही ते उभं राहून बघतो, आणि ज्या पदार्थातून त्यांच्या पोटात मुबलक लोह जातं त्याचं नाव वहीत आलं की खोडतो.

हे काही एकट्या मुसलमानांचं दुखणं नाही. शाहू पाटोळ्यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांत काय शिजत होतं, कसं शिजत होतं, हे त्यात पाककृतींसकट लिहिलेलं आहे. ते वाचताना मला हेवा वाटला. त्यांच्या स्वयंपाकाला मराठीत पुस्तक मिळालं. आमची बड्याची पाककृती मराठीत शोधायला गेले तर मटणाच्या शंभर मिळतात आणि बड्याची एक सापडत नाही. मग ती लिहायची कोणी? मराठी शिकवणारीने नाही तर कोणी?

लहानपणी आमच्या घरी ओव्हन नव्हता, पण ओव्हनचं काम होत होतं. पठाणपुरा गेटच्या आतल्या आमच्या भागात एक बेकरी होती, लाकडाच्या भट्टीची. ईदच्या आधी बायका घरून मैदा, तूप, साखर देऊन तिथे नानकटाई भाजून आणायच्या. सकाळचे पाव निघाले की भट्टी विझत जायची, पण तिच्या विटा संध्याकाळपर्यंत तापलेल्या असायच्या. अम्मी शुक्रवारी हांडीत गोश्त, मसाला, दही सगळं कच्चंच भरायची, झाकणाच्या कडेला कणीक थापायची आणि मला नि भावाला हांडी घेऊन पाठवायची. बेकरीवाले चाचा लांब फावड्यावर हांडी ठेवून ती आत सरकवायचे. जुम्याची नमाज, जेवण, दुपारची झोप, सगळं उरकायचं, आणि मग चारला आम्ही ती परत आणायला जायचो. (जुम्याला दुपारी मग काय खायचो? वरण-भात. गोश्त रात्री.) कणकेचं कडं वाळून दगड झालेलं असायचं, ते अम्मी लाटण्याने फोडायची. “गोश्त को आग नहीं, वक़्त चाहिए,” असं ती म्हणायची.

पुढे घरोघरी कुकर आला आणि भट्टीवर जाणं संपलं. मी कुकरच्या विरोधात नाही. सकाळी सातच्या शाळेला जाणारी बाई कुकरच्या विरोधात असूच शकत नाही. पण कुकरमध्ये बड्याच्या बोट्या शिजतात, मऊ होत नाहीत. दात लागतो, रेषा निघतात, आणि रसही सगळा पाण्यात उतरलेला असतो. मग लोक कच्ची पपई घालतात, सोडा घालतात. पपई बोटीला वरून पीठ करते आणि आतून तशीच ठेवते. सोड्याबद्दल न बोललेलं बरं.

चार वर्षांपूर्वी घरात ओव्हन आला तो मुलीच्या केकसाठी. मला भट्टी आठवली. मी इंग्रजी पाककृती शोधली: बीफचे चौकोनी तुकडे, १८० अंश, दीड तास, झाकण नाही. सांगितलं तसं केलं. बाहेर आले ते चपलेच्या तळव्याचे तुकडे. नवरा सभ्य माणूस आहे, त्याने दोन खाल्ले.

चूक माझी नव्हती आणि पाककृतीचीही नव्हती, जनावर वेगळं होतं. परदेशात ज्याला बीफ म्हणतात ते खाण्यासाठीच वाढवलेलं, तरुण, मांसात चरबीच्या बारीक रेषा असलेलं जनावर असतं. आपल्याकडचं बडं म्हणजे दूध आटलेली म्हैस, नाहीतर काम करून थकलेला रेडा. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, वडसा या आमच्या धानाच्या पट्ट्यात रेडे चिखलणीला जुंपतात. वर्षानुवर्षं गुडघाभर चिखलात चाललेल्या जनावराच्या मांसात चरबी कमी आणि चिवट पांढरे पडदे जास्त. उघड्या कोरड्या आचेत ते आक्रसतं. पण हेच पडदे ओल्या, मंद उष्णतेत काही तास राहिले की विरघळतात आणि त्यांचा चिकट रस होतो. पायाचा रसा थंड झाल्यावर थिजतो, तोच हा रस. आपण ज्याला मऊ म्हणतो ते बोटीतून हा रस सुटल्यावर. झाकण बंद असेल तर ओव्हन १५० अंशांवर असला तरी आतला रसा उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापत नाही. बोटी जळत नाही आणि घाईतही शिजत नाही. अम्मीची कणीक हेच काम करत होती.

तर आता पाककृती. कसायाला ‘मछली’ मागा, म्हणजे पायाच्या पोटरीचं मांस, किंवा ‘दस्त’, म्हणजे खांद्याचं. दोन्ही चिवट आणि दोन्ही स्वस्त. अंडरकट मागू नका, तो या कामाचा नाही, पैसे वाया जातील. एक किलोच्या दीड इंची चौकोनी बोट्या करून घ्या. लहान केल्या तर शेवटी भुगा होतो. आदल्या रात्री मीठ आणि आलं-लसूण लावून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी बोट्या कोरड्या करून तेल चोळा आणि ट्रेमध्ये एकमेकींना न चिकटता पसरून २२० अंशांवर वीस मिनिटं उघड्या भाजा. हा रंग यायला हवा, तो नंतर येत नाही. मग जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या, मूठ प्लास्टिकची नको. त्यात तळलेले तीन कांदे, दीडशे ग्रॅम दही, भाजलेलं सुकं खोबरं आणि खसखस यांचं वाटण, धणे, शहाजिरं, भिवापुरी मिरचीची पूड, हळद, भाजलेल्या बोट्या, ट्रेमध्ये उतरलेला रस आणि अर्धी वाटी गरम पाणी. जास्त पाणी घालू नका, गोश्ताचं स्वतःचं सुटतं. झाकणाच्या कडेला कणीक थापा, १५० अंश, तीन तास. मध्ये उघडून बघायचं नाही. ओव्हन बंद केल्यावर पातेलं आतच वीस मिनिटं राहू द्या. एकूण साडेतीन तासांच्या वर जातात, पण त्यात तुमचं काम अर्ध्या तासाचं. मी तेवढ्यात एका वर्गाचे पेपर तपासते.

विजेचं बिल येईल, हा पहिला प्रश्न असतो. दीड हजार वॉटचा ओव्हन तापला की आपोआप बंद-चालू होत राहतो, त्यामुळे तीन तासांना साडेचार युनिटसुद्धा लागत नाहीत. आता, २९२० मेगावॉटचं वीजकेंद्र ज्या गावात आहे, ज्याची राख आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, त्या गावात ऐन दम लागल्यावर वीज जाऊ नये अशी अपेक्षा करायला हरकत नसावी. गेलीच, तर कणीक फोडू नका. बंद पातेलं बराच वेळ गरम राहतं. आणि मे महिन्यात हा उद्योग मुळीच करू नका. पारा सेहेचाळीसवर असताना चंद्रपुरात घरात वेगळा ओव्हन लागत नाही.

हा लेख लिहिते म्हटल्यावर भाऊ चिडला. “दिवस काय आहेत, आणि तुला गोश्त सुचतंय. म्हैस म्हटलं तरी ऐकणारा गायच ऐकतो.” त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पिशवीत काय आहे हे प्रयोगशाळेने ठरवण्याआधी जमावाने ठरवलं, असं या देशात घडलेलं आहे, आणि रस्त्याने पिशवी घेऊन येणारा तो असतो, मी नाही. त्यामुळे त्याला मी भित्रा म्हणणार नाही. मला त्याला एवढंच सांगायचं आहे की शब्द गाळल्याने ऐकणाऱ्याचा गैरसमज कमी होत नाही. आम्ही ‘मटण’ म्हणतो तेव्हा आम्ही काहीतरी लपवतो आहोत एवढंच शेजाऱ्याला कळतं, आणि काय लपवतो ते तो आपल्या मनाने भरतो. ‘रेड्याचं मांस’ म्हटलं तर निदान रेडा तरी ऐकू येईल. ज्यांना हे खायचं नाही त्यांच्या ताटात ते जाऊ नये, त्यांच्या अंगणात हाडं पडू नयेत, आणि वासाची तक्रार आली तर खिडकी लावावी. हे सगळं मान्य, आणि आम्ही ते पाळतोही. माझ्या समोरच्या ताई माळकरी आहेत. त्यांच्या एकादशीला मी ओव्हन लावत नाही. त्यांना माहीत आहे माझ्याकडे काय शिजतं, कारण मी त्यांना सांगितलं आहे. त्यांनी नाक मुरडलं, मग कणीक का थापता ते विचारलं, आणि तीच युक्ती आता त्या पुरणासाठी डाळ शिजवताना करतात. गरज काय आहे ते मला कळलेलं नाही.

ती मुलगी आता नववीत आहे. गेल्या महिन्यात मी तिला आणि तिच्या अम्मीला जेवायला बोलावलं. जुनी वही तिच्याकडे नव्हती, आणि तो किस्सा तिला आठवतही नव्हता. मलाच सांगावा लागला. सांगून माफी मागितली तर ती लाजली आणि ताटाकडे बघत बसली. तिच्या अम्मीने एक बोटी बोटाने तोडून पाहिली आणि मान हलवली.

“अच्छा है मॅडम,” ती म्हणाली. “लेकिन दो नली भी डालते तो और गाढ़ा होता.”

नळी राहिलीच होती. वरच्या पाककृतीत घालून घ्या, मसाल्याबरोबर, तळाशी.