सोलापूर फुगलेलं नाही

संपादक महोदय,

‘खेडी ओस, सोलापूर फुगलं’ हे रविवारच्या लेखातलं म्हणणं जनगणनेला धरून नाही. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ टक्क्यांनी वाढली, महापालिका हद्दीची जेमतेम ९. पोरं गाव सोडतात हे खरं. पण ती सोलापुरात थांबत नाहीत, थेट पुणं गाठतात. सोमवारी सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस बघा, पाय ठेवायला जागा नसते. गिरण्या बंद पडलेल्या शहरात राहून करायचं काय? पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांना लेखकाने ‘नवे लोंढे’ म्हटलंय. अहो, त्यांचे पणजोबा इथे मागावर बसत! आणि २०२१ची जनगणना झालीच नाही. ‘ताजी लोकसंख्या’ म्हणून छापलेला आकडा अंदाज आहे, तसं नमूद करा.

आपला,
एक वाचक, सोलापूर