न पुसली जाणारी चूक

जमिनीची नोंद ब्लॉकचेनवर चढली की ती कोणालाही खोडता येणार नाही, म्हणून जनतेचा तिच्यावर विश्वास बसेल, असे प्रतिपादन गेली काही वर्षे मोठ्या उत्साहाने चालले आहे. २०१५ मध्ये होंडुरासात त्याची घोषणा झाली (काम पुढे रखडले), २०१६ मध्ये जॉर्जियात प्रयोग सुरू झाला, २०१७ मध्ये आंध्र प्रदेशात. आम्हांला या प्रतिपादनातले ‘म्हणून’ हे अव्यय मान्य नाही.

लेखनिकाने चुकीचा पाठ उतरला आणि पुढच्या शंभर प्रतींनी तो इमानाने जपला, तरी तो शुद्ध ठरत नाही, हे आम्ही एम.ए.च्या वर्गात शिकवतो. ब्लॉकचेन म्हणजे तरी काय? एकाच नोंदवहीच्या अनेक ठिकाणी ठेवलेल्या प्रती, आणि प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीची गुंफलेली खूण. नंतरची खाडाखोड तिला पकडता येते. मूळ नोंदच खोटी असेल तर?

आणि आपल्याकडे खोटेपणा पुष्कळदा मूळ नोंदीतच असतो. वारसफेरफारात बहिणीचे नाव वगळले जाते. किंवा ते लागते आणि पाठोपाठ भाऊबीजेच्या साडीवर हक्कसोडपत्र होते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, तरीही. अंगठा खरा, साक्षीदार खरे, कागद नोंदणीकृत. खोटी असते ती फक्त संमती. ती कोणते यंत्र तपासणार?

सातबाऱ्यावर लोकांचा जो थोडाबहुत भरवसा आहे, तो त्यावर हरकत घेता येते म्हणून. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने फेरफाराची नोटीस चावडीवर लावायला सांगितली, तक्रारींची वेगळी नोंदवही ठेवली, आणि विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच नोंद खरी मानली. २०१७ मध्ये हस्तलिखित व संगणकीकृत सातबारे जुळवताना सरकारलाही चावडीवाचनाचाच आधार घ्यावा लागला.

दुरुस्तीची नवी नोंद जोडता येईलच, असे उत्तर येईल. येईल, पण ती जोडणार कोण? पुन्हा तेच तलाठी (आता ‘ग्राम महसूल अधिकारी’) आणि तेच तहसील. मग साखळीचा हा थाट कशासाठी?

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि मगच तीत कोणी भर घालू नये अशी ताकीद दिली. आमचे तंत्रज्ञ ताकीद आधी देऊ पाहतात. गावोगावच्या वारसनोंदी अगोदर चावडीवर वाचा, वगळलेल्या बहिणींना तिथे बोलावा. कुलपाची गोष्ट नंतर करू.