उसाचे बिल आणि भाड्याच्या खोल्या



शिवारात फिरताना हल्ली बेण्यापेक्षा विटांचीच चौकशी जास्त होते. "साहेब, रस्त्याकडेला तीन खोल्या काढाव्या म्हणतोय, कसं वाटतं?" ऊस विकास अधिकाऱ्याला हे का विचारता, असे मी म्हणत नाही. बिलाचा पैसा कुठे गेला यावर पुढच्या लागणीला खत वेळेवर पडणार की नाही, हे ठरते.

खोल्या काढूच नका, असे माझे म्हणणे नाही. गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले एमआयडीसीच्या आसपास कामगार खोल्या शोधत हिंडतात. तिथे भाडे हे चांगले जोडउत्पन्न आहे. पण आपल्या गावात भाड्याने राहणार कोण, ते आधी मोजा. शिक्षक, नर्स, बँकेतला कारकून. त्यातले निम्मे मोटारसायकलवरून ये-जा करतात!

आता आकडे घेऊ. तीन खोल्यांना 9 लाख लागले आणि प्रत्येकी 2,500 भाडे आले, तर वर्षाचे 90,000 होतात. ऐकायला गोड वाटते. पण मध्ये दोन महिने कुलूप राहिले की 15,000 गेले. घरपट्टी, डागडुजी, पाण्याची मोटार यांचे 12,000 धरा. हातात 63,000 उरले, म्हणजे शेकडा 7. हेच 9 लाख 11 टक्क्यांनी काढले असतील तर पहिल्या सालचे व्याजच 99,000! म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की जमिनीवर बोजा चढवून भाड्याच्या खोल्या बांधू नयेत, आणि पीककर्जाला तर हातही लावू नये. शिलकीतून एक खोली बांधा. ती सालभर भरलेली राहिली, तर दुसरीचा पाया काढा.

जागा सामाईक असेल तर भावांची वाटणी आधी करून घ्या. भिंत उभी राहीपर्यंत कोणी बोलत नाही, भाडे सुरू झाले की सगळे बोलतात. बांधकामाची परवानगीही आधीच काढावी. आणि हो, उसाच्या उत्पन्नाला आयकर नाही, पण खोलीचे भाडे करपात्र आहे. भरलेली घरपट्टी वजा जाऊन उरलेल्यावर 30 टक्के सूट मिळते, बाकीची रक्कम उत्पन्नात धरतात.

करारनाम्याबाबत मात्र मी स्वतःच ठेच खाल्ली आहे. घरामागची खोली ओळखीच्या माणसाला तोंडी बोलीवर दिली. आठ महिने भाडे आले, मग थांबले. वकिलांनी विचारले, "कागद कुठाय?" महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. शेवटी 14 महिन्यांचे भाडे सोडले, वर त्याच्या टेम्पोचे पैसेही मीच दिले. घरच्यांनी तो टेम्पो अजून विसरू दिलेला नाही.

गेल्या महिन्यात खोलीला चुना मारला. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एक नर्सताई येणार आहेत. 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करायचा ठरले असून, येत्या गुरुवारी नोंदणी झाली की मगच किल्ली देणार आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी