टामीला जुगाड म्हणू नका

'जुगाड' हा शब्द मराठीत कोणी आणला ते मला ठाऊक नाही. पण तो ज्या मोटारसायकलवर बसून आला, तिचा मागचा टायर वाटेतच बसायला हवा होता. आणि तोही तिन्हीसांजेला, आसूदच्या उतारावर. म्हणजे हत्यार कशाला म्हणतात ते त्या शब्दाला तिथल्या तिथे कळले असते.

माझ्या कानावर तो पडला आमच्या पुण्याच्या साडूंच्या तोंडून. थंडीतला शनिवार-रविवार आला की निम्मे पुणे आमच्या मुरुडला समुद्र बघायला येते. (त्यांतले काहीजण जंजिरा कुठे म्हणून विचारतात. तो मुरुड रायगड जिल्ह्यातला, हा दापोलीजवळचा. शेजारी हर्णैला सुवर्णदुर्ग आहे, चालत असेल तर बघा, अशी त्यांची समजूत घालावी लागते.) साडूंनी पडवीतल्या खुंटीला टांगलेल्या माझ्या टामी पाहिल्या, मोबाइलवर त्यांचा फोटो काढला आणि म्हणाले, "अहो, काय भन्नाट जुगाड आहे हो! आम्हाला नाही बुवा असलं सुचत."

'असलं' या शब्दावर माझा आक्षेप आहे. 'जुगाड'वर तर आहेच. ज्या वस्तूचे कौतुक करायचे, पण तिला आपल्या बरोबरीला बसवायचे नाही, तिला हल्ली जुगाड म्हणतात. लग्नात वाढप्याला "वा, छान वाढतोस हो" म्हणायचे आणि पंगतीला मात्र बसवायचे नाही, त्यातला प्रकार.

टामी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रकवाल्यांकडे असते ती टामी हातभर लांब. ती टायरइतकीच भांडणातही उपयोगी पडते. माझ्या टामी या तिच्या धाकट्या बहिणी. फूटभर लांब, दोन बोटे रुंद. एक टोक चमच्यासारखे चपटे आणि किंचित वर उचललेले, दुसऱ्याला बाक. चपटे टोक टायर आणि रिम यांच्या फटीत सारायचे, दाबायचे, की टायरची कड रिमवरून बाहेर येते. दिसायला एवढेच.

आता ही कशाची? जीपच्या कमानीच्या पाट्याची, भंगारातून वजनावर घेतलेल्या. बाजारातल्या साध्या लोखंडी पट्टीची का नाही? कारण साधी पट्टी वाकते ती वाकलेलीच राहते. जुन्या कानशीची का नाही? कारण कानस वाकतच नाही, सरळ मोडते आणि तुकडा डोळ्याच्या दिशेने येतो. कमानीचा पाटा वाकतो आणि परत सरळ होतो. जन्मभर जीपखाली त्याने दुसरे केले काय? रस्त्यांनी वाकवायचे आणि त्याने सरळ व्हायचे. तेव्हा या कामाला कोणते पोलाद लावायचे, हा निर्णय झाला ना? मग हे 'सुचणे' कसे? ही तर निवड आहे.

पुढची करामत लोहाराची. पाटा तापवायचा, ऐरणीवर ठोकून पातळ करायचा, टोक वळवायचे. मग पाणी द्यायचे. कोयत्याला देतात तसेच. पण लाल पाटा पाण्यात बुडवला आणि 'झाले' म्हटले, तर तो काचेसारखा ठिसूळ होतो. म्हणून आमचा लोहार तो पुन्हा मंद आचेवर धरतो आणि घासून चकचकीत केलेल्या जागेकडे टक लावून बसतो. तिथे आधी गवती पिवळा रंग चढतो, मग जांभळा, मग निळा. निळा दिसला की थांबायचे. पिवळ्यावर थांबलात तर टामी मोडेल, निळ्याच्या पार पुढे गेलात तर मऊ पडेल. मी बीकॉमला तीन वर्षे घसारा शिकलो. पण वस्तूला घसारा कमी लागावा म्हणून ती कोणत्या रंगावर थांबवायची, हा प्रश्न आमच्या पेपरात कधी आला नाही.

"अजून थोडं धरलं तर काय होईल?" मी एकदा विचारले.

"धरा की साहेब. पण मग ती टामी टायरला नको, आमटी ढवळायला घ्या," तो म्हणाला.

शेवटी चपट्या टोकाच्या धारा कानशीने आणि पॉलिश पेपरने गोल करायच्या. धार राहिली तर ती आतली ट्यूब खाते. मी माझ्या टामीचे टोक गालावरून फिरवून दाखवतो. साडूंच्या गालावरूनही फिरवणार होतो, पण आमच्या सौ.ने डोळे वटारले.

मग जुगाड कशाला म्हणायचे? सांगतो. गेल्या डिसेंबरात उतारावर चार तरुण मोटारसायकल आडवी घालून बसले होते. अंगात चिलखतासारखी जाकिटे, गाडीची किंमत आमच्या घराच्या कौलांपेक्षा जास्त. टायर काढायला हातात काय, तर कंपनीच्या पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर. जोर लावून लावून त्यांनी टायर काढला खरा, पण खिळ्याने ट्यूबला एक भोक पाडले होते, स्क्रू ड्रायव्हरने आणखी तीन पाडली. मुद्दल एक पंक्चर, त्यावर व्याज तीन. एवढा दर तर सावकारसुद्धा लावत नाही! तो स्क्रू ड्रायव्हर कारखान्यात बनला होता. त्यावर छाप होता, मुठीला रबर होते. पण त्या कामापुरता जुगाड होता तोच. कारखान्यातले म्हणून हत्यार आणि घरातले म्हणून जुगाड, ही वाटणी कोणी केली? कामासाठी घडवलेले ते हत्यार, हाताला लागले म्हणून वापरलेले ते जुगाड. मग ते लोहाराने केलेले असो की जर्मनीहून आलेले असो.

आणि ज्या टायरसाठी हा सगळा खटाटोप, तो मुळात कुठे जन्मला? बेलफास्टमध्ये डनलॉप नावाचा गुरांचा डॉक्टर होता. १८८८ साली त्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला रबराच्या पातळ पत्र्यांच्या नळ्या करून बसवल्या आणि त्यांत फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. घरच्या अंगणात, पोरासाठी. याला कोणी जुगाड म्हणत नाही, याला शोध म्हणतात. (बिचाऱ्या डनलॉपला ठाऊक नव्हते की थॉमसन नावाच्या गृहस्थाने १८४५ सालीच हवेच्या टायरचे पेटंट घेऊन ठेवले होते. पुढे त्यापायी डनलॉपचे पेटंट रद्द झाले. फाइल न बघता मंजुरी दिली की असे होते.) ते पहिले टायर रिमला चिकटवलेले असत. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंकडे असा एक पंक्चर झालेला टायर आला, तर तो काढून नीट करायला तीन तास लागले आणि डिंक वाळायला रात्रभर वाट पाहावी लागली. तेव्हा त्यांनी १८९१ साली सुटा निघणारा टायर काढला. म्हणजे टायर वाटेत, चालवणाऱ्याला काढता यावा, ही या धंद्याची पहिली प्रतिज्ञा. ती आज कोण पाळतो आहे? माझा लोहार.

तसे म्हटले तर लोहाराला डनलॉपचे कौतुक असायचे कारणच नाही. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. ती चाकापेक्षा जरा लहान करायची, शेणी पेटवून लाल करायची, फुगली की लाकडी चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचे. आकसताना ती सगळे आरे असे आवळून धरते की चाक बोलायला लागते. चाकावर कडे चढवण्याची विद्या ज्याच्या घरात पिढ्यानपिढ्या आहे, त्याच्या हत्याराला आपण, म्हणजे ज्यांना सायकलची चेन बसवतानासुद्धा शेजाऱ्याला हाक मारावी लागते त्यांनी, जुगाड म्हणायचे!

बरे, टामी हातात आली म्हणजे टायर निघाला असेही नाही. टायरच्या कडेत पोलादी तार असते. ती ताणत नाही. साडूंसारखी माणसे ती ताणायला जातात, मग टामीवर उभी राहतात, मग पडतात. रिमच्या मधोमध एक खोलगट पन्हळ असते. समोरच्या बाजूची कड गुडघ्याने त्या पन्हळीत लोटली की या बाजूला बोटभर सैलपणा येतो, आणि टामी लोण्यात गेल्यासारखी जाते. वर साबणाचे पाणी. सगळे काम त्या बोटभर सैलपणाचे आहे, मनगटाचे नाही.

आमच्याकडे मात्र त्याच्याही आधी एक लढाई असते. समुद्र गावाला लागून. खारे वारे. दोन पावसाळ्यांत लोखंडी रिमला गंज धरतो आणि टायरची कड त्या गंजाला अशी चिकटते की हवा काढली तरी हलत नाही. इथे कंपनीचे पुस्तक गप्प बसते आणि गाव बोलू लागते. चाक जमिनीवर आडवे टाकायचे, शेजाऱ्याची मोटारसायकल आणायची, तिचा साइड स्टँड टायरच्या कडेवर नेमका टेकवायचा आणि गाडी हळूच त्यावर झुकवायची. कड 'फट्' म्हणून सुटते. शेजारी आणि त्याची मोटारसायकल दोन्ही नसतील तर एक लांब वासा घ्यायचा, त्याचे टोक उभ्या टेंपोच्या बंपरखाली अडकवायचे, टायरवर लाकडाचा ठोकळा ठेवायचा आणि दुसऱ्या टोकावर बसायचे. माणूस जितका खात्यापित्या घरचा, तितकी कड लवकर सुटते. बँकेतली माणसे या कामाला उत्तम.

"पण आता टायर ट्यूबलेस झाले ना," साडू म्हणाले. झाले, मी कुठे नाही म्हणतो? खिळा लागला तर चाक न काढता बाहेरून रबराची वात खुपसून भोक बुजवता येते. सोय मोठी आहे. पण बाजूने टायर फाटला तर वात चालत नाही, आणि झिजला की तो बदलावा लागतोच. शिवाय नवा ट्यूबलेस बसवला की पंपाने कितीही हवा मारा, कडा रिमला टेकेपर्यंत सगळी हवा फटीतून निघून जाते. मशीनवाला कंप्रेसरचा झोत सोडतो. आमच्याकडे टायरच्या घेराभोवती सुंभाची दोरी बांधतात आणि तिच्यात काठी घालून पीळ देतात. घेर आवळला की दोन्ही कडा बाहेर फाकतात, रिमला टेकतात, आणि मग साधा पंपही पुरतो. हे सुंभ आमच्याच माडाचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ न जाळता पिळाचा उपयोग केला आहे.

माझे खरे भांडण साडूंशी नाही, ते घरचे माणूस. भांडण आहे ते गाडीबरोबर मिळणाऱ्या त्या इवल्याशा पिशवीशी. माझ्या गाडीच्या पिशवीत दोन पाने, एक उलटसुलट होणारा स्क्रू ड्रायव्हर आणि एक दोन टोकांची पिन निघाली. टायरसाठी काही नाही. का, तर ग्राहकाने ते करायचे नाही, फोन करायचा. आमच्या वडिलांच्या चेतकला स्टेपनी होती. (हे स्टेपनी म्हणजे वेल्समधल्या लानेली गावच्या एका रस्त्याचे नाव. १९०४ साली तिथे जादा चाक बनवायला लागले. तिकडे तो शब्द कधीच मागे पडला. आपल्याकडे अजून रोज लागतो.) त्या स्कूटरची रिम दोन फाकांची, बोल्ट सोडले की चाक फणसासारखे उकलायचे, आणि तेही हात चिकट न होता. टामीची गरजच नव्हती. आताची नवी चेतक विजेवर चालते. तिला स्टेपनी नाही. तिच्याजवळ फोन नंबर आहे.

फोनला माझी ना नाही. पण फोनला रेंज लागते, आणि येणाऱ्या माणसाला रस्ता लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि जाता जाता दापोली-मंडणगडला झोडपून गेले. माड, पोफळी, आंबे आडवे झाले. कौले गेली, पत्रे उडाले आणि पत्र्यांचे खिळे रस्ताभर पसरले. वीज कित्येक दिवस नव्हती. विजेवर चालणारे कंप्रेसर आणि टायर काढायची मशीने देवघरातल्या मूर्तीसारखी जागच्या जागी बसून होती. करोनामुळे आधीच निम्मे जग बंद. कोणाची औषधे संपलेली, कोणाला रॉकेल हवे, कोणाला दापोलीत अडकलेल्या आईची खबर. आणि जायला मोटारसायकलशिवाय दुसरे काही नाही, कारण पडलेल्या झाडांच्या फटीतून चारचाकी जात नव्हती. त्या दिवसांत आमचा पंक्चरवाला उन्मळलेल्या आंब्याच्या खोडावर बसून काम करत होता. दोन टामी, एक पातेले पाणी, एक हातपंप. रांगेत डॉक्टर होते, तलाठी होता, मी होतो. कोणी त्याच्या टामीचा फोटो काढला नाही आणि तिला भन्नाटही म्हणाले नाही. "माझं आधी कर रे बाबा," एवढेच जो तो म्हणत होता.

साडूंचे म्हणणे, ही वेळ काय रोज येते? नाही येत. अण्णासाहेब कर्व्यांनाही साताऱ्याला रोज जायचे नव्हते. पण १८७५ साली परीक्षेसाठी जावे लागले तेव्हा ते याच मुरुडातून चालत गेले, आणि तिथे 'वय लहान दिसते' म्हणून त्यांना परत पाठवले. तोच न्याय लोहाराच्या टामीला. काम येते की नाही ते कोणी बघतच नाही; रूप बघून परत पाठवतात.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. त्या पिशवीतली दोन टोकांची पिन काढा आणि दोन टामी घाला. चांगल्या पोलादाच्या, निळ्या रंगावर थांबवलेल्या, टोके गोल केलेल्या. करता येत नसतील तर आमच्या लोहाराचा पत्ता देतो. पण तो छाप मारू देणार नाही, आणि उधारीही ठेवत नाही.

खरे तर दोन पुरत नाहीत, तीन लागतात. दोन टामी कड धरून ठेवतात आणि तिसरी पुढे सरकत जाते. माझ्याकडेही तीन होत्या. तिसरी हर्णैहून मासळीचे क्रेट वाहणाऱ्या एका गृहस्थाने नेली, "उद्या देतो साहेब" म्हणून. नव्वद दिवस हप्ता आला नाही की आमच्या बँकेत कर्ज अनुत्पादक धरतात. ही टामी नेऊन सात महिने झाले. पण परवा हर्णैच्या रस्त्यावर तिने तिघांचे टायर काढल्याचे कळले, तेव्हा तिला अनुत्पादक तरी कसे म्हणावे? मी लोहाराला चौथी करायला सांगितली आहे.