विश्लेषण : बिबट्याच्या पट्ट्यात हाती काय हवे, मिटणारा चाकू की अखंड कोयता?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ऊसतोडणीचा हंगाम आणि बिबट्याची भीती हातात हात घालून येतात. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात काही आठवड्यांच्या अंतराने बिबट्याच्या हल्ल्यांत तीन बळी गेले. संतप्त ग्रामस्थांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला आणि पाठोपाठ वन विभागाच्या पथकाने एका बिबट्याला गोळी घालून ठार केले. गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाणाऱ्या महिलांची छायाचित्रे देशभर पोहोचली. तेव्हापासून शेतावर जाताना हातात काहीतरी असावे, ही भावना अधिक घट्ट झाली आहे. कुणी कोयता घेतो, कुणी खिशात मिटणारा चाकू ठेवतो. या दोन हत्यारांच्या घडणीत नेमका फरक काय, कोणते कशासाठी आणि बिबट्यापुढे त्यांचा कितपत उपयोग, याचा हा आढावा.

हा प्रश्न जुन्नर-आंबेगावातच का?

कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या धरणांमुळे या भागात बारमाही पाणी आले आणि पाण्यामागोमाग ऊस आला. जुन्नरमध्ये विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. वर्ष-दीड वर्ष उभा राहणारा ऊस बिबट्याला लपायला जागा देतो. गावातली कुत्री, शेळ्या, वासरे हे त्याला सहज मिळणारे खाद्य. मादी उसातच पिल्ले घालते आणि तोडणीच्या वेळी ती पिल्ले मजुरांच्या समोर येतात. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. पकडलेल्या बिबट्यांसाठीचे निवारा केंद्र जुन्नरजवळ माणिकडोहला आहे, ते याच कारणाने.

कोयता हे या भागातले रोजच्या कामाचे साधन आहे. पूर्वेकडच्या बागायत पट्ट्यात तो ऊस तोडतो. पश्चिमेच्या डोंगरी भागात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, तर फांद्या तोडायला तोच लागतो. मिटणाऱ्या चाकूलाही इथे जागा आहे. नारायणगाव परिसरातील द्राक्षबागांत कलमाचे नाजूक काम छोट्या चाकूने होते. दोन्ही हत्यारे इथलीच आहेत, फक्त दोघांची कामे वेगळी आहेत.

दोन्हींच्या घडणीत मूळ फरक काय?

कोयता, विळा, सुरी यांचे पाते आणि मूठ यांच्यात सांधा हलत नाही. पात्याचा मागचा निमुळता भाग मुठीत शिरलेला असतो. हा भाग मुठीच्या शेवटापर्यंत गेला असेल आणि रिव्हेटने पक्का केला असेल, तर घाव कितीही जोरात बसला तरी ताण सगळ्या मुठीत विभागला जातो. तो अर्ध्यातच संपला असेल, तर सगळा ताण मुठीच्या तोंडाशी येतो. लाकूड तिथेच फाटते. म्हणून जाणता लोहार त्या जागी लोखंडी कडे बसवतो.

मिटणाऱ्या चाकूत पाते एका खिळीभोवती फिरते. म्हणजे हत्याराचा सर्वांत कमजोर भाग नेमका मधोमध, जिथे सर्वाधिक जोर येतो तिथेच असतो. उघडलेले पाते जागेवर धरायला काही चाकूंत फक्त स्प्रिंगचा दाब असतो, तर काहींत खटका असतो. फ्रान्समध्ये १८९०पासून बनणाऱ्या ओपिनेल चाकूला पाते अडवणारी फिरती कडी १९५५मध्ये जोडली गेली. खिळीभोवतीचे पाते बोटांवर मिटू नये, हाच तिचा हेतू. उत्तर प्रदेशातील रामपूरचा खटक्याचा चाकू हिंदी सिनेमाने घराघरांत नेला. पण पडद्यावर ऐकू येणारा तो ‘खट्ट’ आवाज मजबुतीची खूण नाही. पाते उघडले, एवढेच त्यातून कळते.

मुठीचा एवढा विचार का करायचा?

याचे उत्तर तोडणीच्या हिशेबात आहे. ऊसतोडणीत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे आणि मजुरी मिळते ती टनावर. जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा निर्णय झाला, तरी मोजमाप टनाचेच राहिले. आता ढोबळ हिशेब करू. एक ऊस सव्वा किलोचा धरला तर टनाला ८०० ऊस होतात. प्रत्येकाला बुडाशी एक आणि शेंड्याला वाढे उडवताना एक, असे किमान दोन घाव. म्हणजे टनाला १,६०० घाव. जोडीने दिवसात दोन टन तोडला, तर ३,२०० घाव झाले. प्रत्येक घावाचा हादरा मुठीतून मनगटात आणि मनगटातून खांद्यात जातो.

मूठ फार बारीक असेल तर ती आवळून धरावी लागते आणि हात लवकर दुखतो. फार जाड असेल तर बोटे पूर्ण वळत नाहीत आणि पकड सुटते. जोर लावून वापरायच्या हत्याराला साधारण ३ ते ४ सेंटीमीटर जाडीची, गोलापेक्षा किंचित लांबट आकाराची मूठ बहुतेक हातांना मानवते. लांबट आकारामुळे पाते कोणत्या बाजूला वळले आहे, हे न पाहता कळते. अडचण अशी, की बाजारात एकच माप मिळते आणि ते पुरुषाच्या हाताचे असते. त्याच कोयत्याने बाईही तोडते, मोळी बांधते आणि डोक्यावर वाहते.

वाकण्याचाही प्रश्न आहे. उसाच्या बुडाशी साखर जास्त असते, म्हणून तो जमिनीलगत तोडावा लागतो. वर तोडला तर वजन घटते आणि खोडवाही नीट फुटत नाही. पात्याचा वाक आणि मुठीची लांबी योग्य असेल, तर तोच घाव थोडे कमी वाकून बसतो. दिवसाला हजारो वेळा वाकणाऱ्या कमरेला एवढा फरकही जाणवतो.

घाम, रस आणि माती लागल्यावर काय होते?

दुकानात दोन्ही हत्यारे चांगली वाटतात. खरा फरक पंधरा दिवसांनी दिसतो. उसाचा रस चिकट असतो. मिटणाऱ्या चाकूच्या खिळीत आणि खाचेत तो रस, माती आणि पाचटाचा भुगा साचतो. पाते जड होते, खटका पूर्ण बसत नाही आणि आत गंज धरतो. बाहेरून पुसलेला चाकू स्वच्छ दिसतो, पण आतली घाण दिसत नाही. अशा चाकूवर पाठीकडून दाब आला तर पाते बोटांवर मिटू शकते.

कोयत्याचा दोष वेगळा आहे. त्याची लाकडी मूठ उन्हात सुकून आकसते आणि पाते खिळखिळे होते. मग अनेक जण रात्री मूठ पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगते आणि सकाळी कोयता घट्ट लागतो. पण हा इलाज तात्पुरता असतो. पुन्हा सुकल्यावर मूठ आणखी सैल होते आणि घाव घालताना पाते निसटले तर शेजारी तोडणाऱ्याला लागते. त्यावर नवी मूठ बसवणे किंवा रिव्हेट मारून घेणे हाच उपाय. कोयत्याची जमेची बाजू म्हणजे त्याचा बिघाड डोळ्यांना दिसतो, हाताला जाणवतो आणि गावातला लोहार तो दुरुस्त करू शकतो. ट्रकच्या जुन्या पाट्यांपासून घडवलेल्या आणि नीट पाणी दिलेल्या पात्याला पुन्हा पुन्हा धार लावता येते. मिटणाऱ्या चाकूची स्प्रिंग तुटली, तर तो बहुधा फेकून द्यावा लागतो.

मग बिबट्यापुढे कोणता उपयोगी?

प्रामाणिक उत्तर : मिटणारा चाकू जवळजवळ निरुपयोगी आणि कोयत्यावर विसंबणेही धोक्याचे. बिबट्या ताशी सुमारे ५८ किलोमीटर वेगाने धावू शकतो. त्या वेगात २० मीटर अंतर कापायला त्याला सव्वा सेकंद लागतो. तेवढ्या वेळात खिशात हात घालणे, चाकू काढणे, पाते उघडणे आणि खटका बसल्याची खात्री करणे शक्य नाही. चाकू उघडलाच, तरी बोटभर पात्याने वार करायचा तर बिबट्या अंगावरच आलेला हवा.

कोयता हातातच असतो, त्यामुळे उघडण्याचा वेळ वाचतो. पण बिबट्या सहसा समोरून येत नाही. तो दबा धरून, बहुतेकदा मागून किंवा बाजूने झडप घालतो आणि मानेचा वेध घेतो. वाकलेला किंवा बसलेला माणूस आणि लहान मूल यांना धोका जास्त असतो, कारण त्यांची उंची त्याच्या नेहमीच्या भक्ष्याएवढी दिसते. ऊस तोडणारी व्यक्ती नेमकी त्याच अवस्थेत असते. हातात कोयता असला तरी तिचे लक्ष बुडख्याकडे असते आणि पाठ उघडी असते. गळ्यातल्या खिळ्यांच्या पट्ट्यामागचा विचार हाच आहे. झालेला वार परतवण्यापेक्षा मान वाचवणे महत्त्वाचे.

आणखी एक धोका जमावाचा. बिबट्या दिसला म्हणून दहा जण कोयते घेऊन उसात शिरले, तर दाट पिकात ते एकमेकांनाच जखमी करू शकतात. घाव लागून निसटलेला बिबट्या आधीपेक्षा अधिक धोकादायक होतो.

कायदा काय सांगतो?

बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणे किंवा जखमी करणे हा गुन्हा आहे. मात्र कलम ११(२)नुसार स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‌हेतूने झालेली कृती गुन्हा ठरत नाही. पाठलाग करून किंवा पिंजऱ्यातल्या बिबट्यावर केलेला वार या सवलतीत बसत नाही.

हत्यार बाळगण्याबाबत शस्त्र कायदा, १९५९ केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठीच्या वस्तूंना ‘शस्त्र’ मानत नाही. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांची मर्यादा आहे, पण तिथेही शेतीची अवजारे वगळली आहेत. म्हणून कोयता मोठा असूनही शेतात कायदेशीर आहे. तोच कोयता कामाविना शहरात घेऊन फिरला तर चित्र बदलते. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७खाली मनाई आदेश लागू असेल, तर कारवाई होऊ शकते. पुण्यात ‘कोयता गँग’चा उच्छाद वाढल्यावर २०२३च्या सुरुवातीला पोलिसांनी कोयता विकताना ग्राहकाच्या आधार कार्डाची नोंद ठेवायला दुकानदारांना सांगितले होते. एकाच जिल्ह्यात एकच वस्तू एकीकडे पोटापाण्याचे साधन आहे, तर दुसरीकडे दहशतीचे. याचा भुर्दंड प्रवासात कोयता सोबत नेणाऱ्या मजुराला बसू नये, ही काळजी घ्यावी लागेल. कोयता पोत्यात गुंडाळून, सामानात बांधून नेणे केव्हाही बरे.

विकत घेताना काय पाहावे?

कोयता घेताना मूठ धरून पाते जोरात हलवून पाहावे. किंचितही खडखड जाणवली तर घेऊ नये. पात्याचा भाग मुठीत कुठवर गेला आहे आणि रिव्हेट किती आहेत, ते विचारावे. मुठीवर गाठ किंवा चीर नसावी, कडे घट्ट असावे आणि मुठीचे टोक थोडे फुगीर असावे, म्हणजे घामाने हात घसरत नाही. जिच्या हातात तो दिवसभर राहणार, तिनेच तो धरून पाहावा.

मिटणारा चाकू घेताना उघडलेले पाते डावीकडे-उजवीकडे हलते का ते पाहावे. खटका पूर्ण बसतो का आणि ओल्या हाताने मिटता येतो का, हेही तपासावे. तो कलमासाठी, सुतळी कापायला, फळे चिरायला वापरावा. त्याने तोडू नये, ठोकू नये आणि पाते तरफेसारखे घालून काही उचकटू नये.

खरा प्रश्न कुठे आहे?

हत्याराच्या चर्चेत एक गोष्ट मागे पडते. धोक्याची वेळ मजूर किंवा शेतकरी स्वतः निवडत नाही. रात्री वीज येते म्हणून रात्री पाणी द्यावे लागते, आणि म्हणूनच दिवसा वीज ही या भागातली जुनी मागणी आहे. तोडणी मजुरांच्या कोप्या उसाच्या कडेला असतात. तिथे दिवा नसतो, शौचालय नसते आणि आई-बाप फडात असताना लहान मुले बांधावर असतात. गटाने काम करणे, आवाज करत राहणे, मुलांना एकटे न सोडणे, घुंगराची काठी आणि बॅटरी जवळ ठेवणे, पिल्ले दिसली तर हात न लावता दूर होऊन वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवणे, यांतली कोणतीही गोष्ट कोयत्यापेक्षा महाग नाही. यांतल्या काही मजूर स्वतः करू शकतो. वीज, उजेड आणि सुरक्षित निवारा मात्र महावितरण, कारखाने आणि प्रशासनालाच द्यावा लागेल.

चांगल्या मुठीचा कोयता मनगट वाचवतो आणि बोटेही वाचवतो. तेवढ्यासाठी तो नीट पारखून घ्यायलाच हवा. बिबट्यापासून जीव वाचवण्याची जबाबदारी मात्र त्या मुठीवर टाकता येणार नाही.