पाच बोटं आणि पाच 'द'

'हाताची पाचही बोटं सारखी नसतात.' सुरतेत विषमतेचा विषय काढला की हे वाक्य मला मराठीत आणि गुजरातीत, दोन्हीकडून ऐकावं लागतं. बोलणारा तिथे थांबत नाही. विषमता निसर्गाचीच, समता आणायची तर व्यक्तिस्वातंत्र्यावर वरवंटा फिरवावा लागणार, आणि वंशाची ओढ उपजतच असते, म्हणून राष्ट्रही वंशावरच उभं राहणार. एवढे तीन मजले तो बिचाऱ्या बोटांवर चढवतो.

बोटं सारखी नाहीत, कबूल. लिंबायतच्या लूम कारखान्यात तुटलेली तार जोडणाऱ्या खानदेशी कारागिराचा हात पाहा. अंगठा नि तर्जनी टोकं चिमटीत धरून पीळ देतात, उरलेली बोटं धागा सावरतात. करंगळी आखूड म्हणून तिच्यासाठी पाण्याचा वेगळा माठ कुणी ठेवत नाही.

वंशाची ओढ उपजत म्हणावी, तर मराठीला ती ठाऊक नव्हती. वंशाचा दिवा, वंशवेल, वंशावळ: आपला वंश घरापुरता. तो ताणून अख्ख्या राष्ट्रावर घालण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकातला. फ्रेंच लेखक गोबिनोचा मानववंशांच्या विषमतेवरचा ग्रंथ १८५३ ते १८५५ मधला. त्याआधी दोनशे वर्षं सुरतेतला गोरा माणूस मुघलांच्या परवानगीने वखार चालवत होता आणि इथल्या वीरजी वोरा या सावकाराकडून कर्ज उचलत होता. शिवाजी महाराजांच्या १६६४ च्या स्वारीत इंग्रजांची वखार राखणारा तिचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये वारला. कतारगाम दरवाजाजवळची त्याची आणि त्याच्या भावाची कबर घुमटाची, चक्क मकबऱ्याच्या थाटाची. मेल्यावरही इथल्या उमरावासारखं दिसायची हौस! गर्व त्यांनाही होता, पण तो धर्माचा आणि धंद्याचा. रक्ताचं शास्त्र करून त्यावर राष्ट्र उभारण्याची विद्या पुढची.

ती विद्या आपणही उसनी आणली. फुल्यांच्या 'गुलामगिरी'त (१८७३) आर्य आक्रमक आहेत, टिळकांनी १९०३ मध्ये आर्यांचं मूळ घर थेट उत्तर ध्रुवाशी नेलं. दोघांना एका तागडीत घालणार नाही; फुल्यांनी ती कल्पना दडपणाऱ्यांवरच उलटवली. पण माल एकाच वखारीतला. आंबेडकरांनी १९४६ मध्ये आर्यवंशाच्या सिद्धांताचा पायाच उखडला, तो याचसाठी.

राहिला स्वातंत्र्याचा मजला. गोबिनोच्याही आधी, १८४४ मध्ये, सुरतेत मानवधर्म सभा निघाली. दुर्गाराम मेहताजी आणि आपले व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिच्या पुढाऱ्यांत. पाच मित्रांची नावं 'द'ने सुरू होणारी, म्हणून लोक त्यांना 'पाच द' म्हणत. माणसाची जात एकच, हे त्यांचं म्हणणं. तेच बीज घेऊन दादोबांनी १८४९ मध्ये मुंबईत परमहंस मंडळी काढली. इंग्रजी शिकलेली, पोटाला नोकरी असलेली माणसं. व्यक्तिस्वातंत्र्याची भाषा त्यांना तोंडपाठ. दीक्षेला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा. खायचा मात्र बंद दाराआड.

समतेने स्वातंत्र्य मरतं म्हणणाऱ्याने या दाराची कडी कुणी लावली ते सांगावं. समतेचा कायदा तर तेव्हा जन्मलाही नव्हता. कडी लावली ती जातीने: वाळीत टाकण्याच्या भीतीने, मुलीच्या लग्नाच्या काळजीने, श्राद्धाला भटजी मिळणार नाही या धास्तीने. पावाचा एक तुकडा तोंडात घालायला ज्याला दार लोटून घ्यावं लागतं, त्याच्याकडे बुडायला स्वातंत्र्य होतं तरी किती?

मंडळीची वही होती, तीत सभासदांची नावं. ती चोरीला गेली, नावं गावात फुटली आणि १८६० मध्ये मंडळी मोडली. सरकारने बंदी घातली नव्हती.